क्रेस्तियांची डोणी

१

रविवारी सकाळी बिलास्कच्या चर्चमध्ये भिंतीला एक भोक सापडलं.

भोकाच्या जागी आदल्या दिवशी पवित्र पाण्याची दगडी डोणी होती. लहान भोपळ्याएवढी, भिंतीत बसवलेली, काठावर बदकाचा पंजा कोरलेला. ती तिथे आहे हे शनिवारपर्यंत गावात फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण कित्येक वर्षं तिच्यापुढे गावातल्या सगळ्यात मोठ्या, दोमेकांच्या घराने दिलेलं भलंमोठं कपाट उभं होतं. शनिवारी सकाळी कपाट हललं, डोणी दिसली, आणि रविवारच्या घंटेला गायब. खाली फरशीवर चुन्याचा भुगा होता आणि बर्त्रां सुताराची पटाशी पडली होती.

डोणी कुणाची हे कुणाला सांगावं लागलं नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर, बुजवलेल्या ठेंगण्या दाराशेजारी, म्हणजे कागोंची. आमच्या आज्यांच्या काळी कागो त्या ठेंगण्या दारातून वाकून यायचे, मागे बसायचे, आणि छातीवर तांबड्या कापडाचा बदकाचा पंजा शिवून गावकुसाबाहेर राहायचे. सुतारकाम तेवढं त्यांच्या हातचं चालायचं, कारण म्हणे लाकडाला बाट लागत नाही. ते बाटलेले का? कुणी म्हणे महारोग, कुणी म्हणे त्यांच्या कानांना पाळ्या नसतात. मी खाणावळवाली बाई, जन्मभर लोकांच्या कानांशी बोलत आले. पाळी नसलेला कान मी पाहिला नाही. तरी खाली मान घालून ऐकून घेणारे कान पुष्कळ पाहिले.

आमच्या बोलीत कागोंचं जुनं नाव क्रेस्तिया. आडनाव म्हणून ते गावात एकाच घरावर उरलं होतं, आणि त्या घरात बर्त्रां सुतार राहत होता.

इथे आडनाव माणसाचं नसतं, घराचं असतं, हेही सांगायला हवं. माझा नवरा सालानाव या आडनावाने जन्मला, या खाणावळीत घरजावई आला आणि इथल्या लाबेरी या नावाने पुरला गेला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे राज्यक्रांती झाली, कायदा आला, आणि त्या दिवशी ज्याच्या अंगावर जे नाव होतं ते कायमचं शिवून टाकण्यात आलं. कुणाच्या अंगावर मखमल होती, कुणाच्या अंगावर तांबडा पंजा.

"यात शोधायचं काय?" आमचे मेअर आर्नो दोमेक भर चर्चमध्ये म्हणाले. "ज्याला त्या डोणीची लाज, त्यानेच ती उपटली. नाव काय त्याचं? क्रेस्तिया. झालं!"

बर्त्रांला धरून माझ्या तळघरात कोंडलं, कारण गावात कुलूप लागणारी दुसरी खोली नव्हती. त्याच वर्षी चर्चमधल्या चोरीचा नवा कायदा झाला होता. मार्टिन संताच्या सणाला शिपाई येणार होते, आणि लोक म्हणत होते, आता बर्त्रां जन्मभर बेड्या घालून दगड फोडणार.

मी त्याला खाली मक्याची भाकरी नेऊन दिली. तो म्हणाला, "मालकीणबाई, पिंपांच्या फळ्या सुटल्यात तुमच्या. ठोकून देऊ का? नाही तरी बसलोय."

२

सोमवारी जज्जसाहेब काझालीस खेचरावरून आले. तालुक्याचे न्यायाधीश. बुटके, सर्दीवाले, आणि जेवायला बसले की बशी पुसून खाणारे. असा माणूस काही उरवत नाही, हे मी तेव्हाच ताडलं.

"ग्रास्येतबाई," ते म्हणाले, "सूप झकास आहे. आता गावातलं काय शिजलंय ते वाढा."

मी वाढलं. मुळात हे सगळं आमच्या नव्या फादर लुस्तालांमुळे झालं. पंचविशीचा पोरगा, हाडं आणि डोळे एवढाच ऐवज. त्यांच्या मनात आलं की मार्टिन संताच्या सणाला गावाने कागोंची माफी मागावी. कपाट हलवून ती जुनी डोणी मोकळी करायची, तिच्यात पाणी भरायचं, प्रत्येक घरातल्या थोराने तिच्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करायची आणि मग बर्त्रां क्रेस्तियाचा हात हातात घ्यायचा. सगळ्यात मोठं घर सगळ्यात आधी.

"कल्पना वाईट नाही," जज्जसाहेब म्हणाले.

"वाईट नाही, पण बर्त्रांला कुणी विचारलं होतं? त्याला सगळ्या गावापुढे उभा करायचा, आणि वर म्हणायचं बघा, आम्ही किती चांगले."

फादर लुस्ताल आले ते टोपी चुरगाळतच. बसा म्हटलं तरी बसेनात.

"दोष माझा आहे, साहेब. मी त्याला मोठेपणा द्यायला गेलो आणि बेड्या दिल्या."

"डोणीचं कुणाकुणाला सांगितलं होतं?"

"कपाट हलवणाऱ्या बर्त्रांला. मेअरसाहेबांना. आणि त्यांच्या आईंना, थोरल्या दोमेकबाईंना, कारण पहिलं बोट त्यांचं. शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं."

"बर्त्रां काय म्हणाला?"

"तो म्हणाला, फादर, तुम्ही सांगाल तिथे उभा राहीन, पण बूट नवे नाहीत." फादरांनी टोपी पुन्हा चुरगाळली. "त्याची बायको मार्गलिद मात्र ओरडली. म्हणाली, फोडून टाका ती मेली डोणी, आमच्या पोरांना अजून शाळेत क्वॅक क्वॅक करतात."

"आणि थोरल्या बाई?"

"त्यांनी एवढंच विचारलं, अगदी पहिली मीच का? मी म्हटलं, बाई, तुमच्याएवढं थोर घर दुसरं कुठलं?"

"शनिवारी दुपारनंतर चर्चमध्ये कोण होतं?"

"मी पापांची कबुली ऐकायच्या खोक्यात बसलो होतो, पडदा ओढून. लोक येत होते, जात होते. मला कान होते, डोळे नव्हते." ते एकदम थांबले. "साहेब, ठोकल्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही."

जज्जसाहेबांनी बशी बाजूला सारली. ती पहिल्यांदाच अर्धी भरलेली होती.

३

मेअरसाहेब मंगळवारी आले, म्हणजे जज्जसाहेबांनाच आपल्याकडे बोलावल्याच्या थाटात माझ्या खाणावळीत शिरले. आर्नो दोमेक वाईट माणूस नव्हे. आरशात पाहतो तेव्हा मागे दोमेकांचा वाडा, गिरणी आणि शेतंही दिसतात, एवढंच त्याचं दुखणं.

"साहेब, तुम्ही उगाच घसा शिणवताय. नावातच सगळं आलं. आंबट द्राक्षाला विचारता का, तू आंबट का?"

"द्राक्षाला नाही विचारत. वाइन करणाऱ्याला विचारतो," जज्जसाहेब नाक पुसत म्हणाले. "ते कपाट तुमच्या घराने दिलेलं ना?"

"माझ्या आजोबांनी! कागोंचं दार बुजवलं त्या साली. नुसतं दिलं नाही, स्वतःच्या हातांनी केलं. अख्खं चेस्टनटचं, एक खिळा नाही."

"जमीनदार माणूस, स्वतः रंधा मारायचा?"

"हौस होती त्यांना," मेअर जरा आखडले.

त्या कपाटाची आठवण गावात अजून निघते. दोमेकांचं घर काही फुकट देणाऱ्यांतलं नाही. दोमेकांच्या विहिरीवर पाणी प्यायलात तर दोराची झीज ऐकून घ्यावी लागते. त्या घराने गावाला आपणहून दिलेली वस्तू एकच, ते कपाट. म्हणून लोक अजून हसतात, की म्हाताऱ्याला मरणाची भीती पडली आणि त्याने देवाला फर्निचर चारलं.

"आजोबा याच गावचे?"

"घरजावई. ऑर्तेझकडून आलेले. आमचं छप्पर पडलं होतं ते दुरुस्त करायला आले आणि घरच दुरुस्त करून बसले." मेअरांनी मिशीला पीळ दिला. "मोठा करारी माणूस. आईला त्यांनीच वळण लावलं. तुम्ही पाहिलं असेल, आई चर्चमध्ये पाण्यात बोट घालत नाही. दुसऱ्या कुणीतरी बुडवायचं आणि तिच्या बोटांना लावायचं. दोमेकांच्या बायका भांड्यात हात घालत नसतात."

हे मात्र सगळ्या गावाने पाहिलेलं. दर रविवारी थोरल्या बाई दाराशी थांबायच्या, कुणीतरी धावत जाऊन बोट ओलं करायचं आणि त्यांच्या बोटाला टेकवायचं. बोट टेकवणारी आम्ही, बायकाबायकांत कुजबुजायचो, "काय बाई तो ताठा! देवाचं पाणीसुद्धा नोकराच्या हातून."

"आजोबांनी शिकवलं हे?" जज्जसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"त्यांनीच. ते स्वतःही तसंच घ्यायचे."

जज्जसाहेबांना शिंक आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "ग्रास्येतबाई, तळघराची किल्ली द्या. आणि मेअरसाहेब, तुम्ही घरी जा. फार मदत केलीत. स्वतःला वाटतं त्याहून जास्त."

४

तळघरात बर्त्रां माझं पिंप ठोकत बसला होता. धिप्पाड, पन्नाशीचा, आणि आत कुणी आलं की आपण जागा अडवलीय असं वाटून सरकणारा.

"पटाशी तुझी?"

"माझीच. कपाट हलवलं तेव्हा तिथेच राहिली. कुणालाही सापडली असती."

"डोणीची लाज वाटली का तुला?"

बर्त्रां हसला. "लाज? साहेब, ज्याची चड्डी रोज चौकात वाळत असते त्याला उचलून लपवायचं काय? आडनाव विचारलं की समोरचा एकदा माझ्या कानांकडे बघतो. मी तर आता केस मागे सारून दाखवतो, घ्या, मोजून घ्या. ती डोणी राहिली काय, गेली काय, माझं नाव काही भिंतीत बसवलेलं नाही."

"मग आजा कधी काही बोलला? नावाबद्दल?"

"आजा कमी बोलायचा. विचारलं की म्हणायचा, घराचं आहे ते नाव, घरात ठेवायचं. बस्स."

"बरं. कपाट कसं होतं?"

आता बर्त्रांचा चेहरा उजळला. "कपाट पाहाच तुम्ही साहेब. समोरून नाही, मागून. डोणी भिंतीतून बाहेर आलेली आहे ना, तिच्यासाठी मागची फळी आतून कोरून काढलीय. अगदी वाटीसारखी. कपाट भिंतीला घट्ट टेकतं, पण डोणीला स्पर्श नाही. तीनचार आठवड्यांचं काम असेल. कुणी दुसरा असता तर डोणीवर हातोड्याचा एक घाव घालून सपाट केली असती आणि वर कपाट टेकवून मोकळा झाला असता."

जज्जसाहेब जिन्याच्या पायरीवरच बसले. थंडीचे दिवस, सर्दीवाला माणूस, आणि ओल्या दगडावर बसला. मी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसले.

वर आल्यावर ते म्हणाले, "ग्रास्येतबाई, तुमच्या दारावरून कोण काय घेऊन जातं हे तुम्ही पाहता. नाही म्हणू नका. शनिवारी संध्याकाळच्या आत, चर्चकडून कोण आलं, जरा जड चालत?"

मी विचार केला. आणि विचार करता करता कळलं, उत्तर माझ्याकडेच होतं. फक्त मी ते कधी प्रश्नाशेजारी मांडलं नव्हतं.

"थोरल्या दोमेकबाई," मी म्हटलं. "पायी आल्या होत्या. चौकात दम लागला म्हणून माझ्या बाकावर टेकल्या. मी गरम वाइन दिली. हातात झाकलेली टोपली होती. माझी मोलकरीण ती टेबलावर ठेवायला गेली, तर बाईंनी दोन्ही पाय तिच्यावर ठेवले. मला वाटलं चीज असेल. दोमेक आहेत, वास दुसऱ्याला फुकट जायला नको."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही दोमेकांच्या वाड्यावर चढून गेलो. जज्जसाहेबांनी मला बरोबर घेतलं. म्हणाले, "बाईमाणसाशी बोलायचंय. साक्षीला बाईच असावी."

सणाचा आठवडा, म्हणजे बदकांना मका चारायचे दिवस. थोरल्या बाई, कातालीन दोमेक, अंगणात ठेंगण्या स्टुलावर बसल्या होत्या. मांड्यांत बदक दाबलेलं, त्याच्या चोचीत नरसाळं, आणि बोटांनी मका खाली ढकलणं चालू. एवढ्या मोठ्या घरात हे काम त्या कुणाला करू द्यायच्या नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या. "हे एवढं उरकू दे."

"उरका बाई. मी बोलतो, तुम्ही ऐका. चुकलो तर थांबवा." जज्जसाहेबांनी टोपी काढली. "एका माणसाला ती डोणी गावाच्या डोळ्यांआड करायची होती. पण तिला धक्का लावायचा नव्हता. म्हणून त्याने आठवडेच्या आठवडे फळी कोरली. आता दुसऱ्या एकाला ती पुन्हा डोळ्यांआड करायची झाली. त्यानेही ठोकली नाही, फोडली नाही. चुना खरवडून अलगद काढली, पाळण्यातून मूल काढावं तशी. दोघांनाही त्या दगडाची लाज वाटत होती आणि दोघांनाही त्याच्यावर घाव घालवत नव्हता. परक्याच्या दगडाशी माणूस असं वागत नाही."

बाईंनी दुसरं बदक ओढून घेतलं.

"बर्त्रां क्रेस्तियाला लपवण्यासारखं काही नाही. त्याच्या बायकोला डोणी नको होती, पण तिने फोडून तुकडे चौकात फेकले असते. म्हणून मी शोधत होतो ते असं घर, जिथे ही लाज आहे पण नाव नाही. आपल्याकडे नाव घराचं. जावई उंबरठ्याबाहेर स्वतःचं नाव जोड्यांसारखं काढून ठेवतो. तुमचे वडील या घरात आले, दोमेक झाले. हातात सुतारकी घेऊन आले. आणि एक सवय घेऊन आले. पाण्यात बोट घालायचं नाही, दुसरा देईल तेवढंच घ्यायचं. गाव त्याला ताठा समजलं. पण बाई, ही सवय मोठ्या माणसांची नव्हे. पूर्वी ज्यांना सगळ्यांच्या पाण्याला शिवायची बंदी होती, त्यांना पाणी काठीच्या टोकावरून मिळायचं. ताठा नाही तो. ती भीती आहे, तीन पिढ्या जपलेली."

बाईंच्या बोटांतला मका सांडला. बदक सुटलं आणि ओरडत अंगणभर पळालं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आर्नोला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

६

डोणी त्यांच्या खोलीत होती. पलंगापाशी, रुमालावर ठेवलेली. कोरडी.

"पाणी घातलं नाही मी," बाई म्हणाल्या. "घालवेना."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, जणू दुसऱ्याच कुणाचं. क्रेस्तियांचं घर एकटंच होतं, नदीकाठी. देवीच्या साथीत ते सगळं गेलं, एक पोरगा उरला. तो ऑर्तेझला एका सुताराकडे वाढला. जाणता होऊन परत आला तो अनोळखी कारागीर म्हणून, दुसरंच नाव सांगत. कुणी ओळखलं नाही. छप्पर बांधलं, मालकाच्या मुलीशी लग्न केलं, दोमेक झाला.

"मरताना त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, माझा बाप्तिस्मा त्या डोणीच्या पाण्याने झाला. ती फोडता येत नाही मला आणि बघवतही नाही."

"आणि बर्त्रां?" मी न राहवून विचारलं. "तो मग तुमचा कोण?"

"कुणी नाही." बाईंनी डोळे मिटले. "रिकाम्या घराकडे बघून लोक विचारतात, यांतलं कुणी उरलं का. म्हणून वडिलांनी ते घर भरलं. आस्पच्या खोऱ्यातून एक धनगर कामाला उतरला होता, लामाझू नावाचा, बर्त्रांचा आजा. घर नाही, दार नाही. त्याला ते घर दिलं, सुतारकी शिकवली. घराबरोबर नाव आलं. पुढे कायद्याने ते पक्कं झालं. आमचं नाव आम्ही त्याच्या गळ्यात बांधलं आणि मग आम्हीच त्याच्यावर हसलो."

खाली अंगणात बदकं गोंगाट करत होती.

"फादर म्हणाले, पहिलं बोट तुमचं. मोठ्या मनाने बुडवायचं, आणि माफ करा म्हणायचं. माझ्या बापाच्या डोणीत! देवासमोर एवढं खोटं मला जमेना. खरंही जमेना. म्हणून डोणीच नको, असं झालं."

"बर्त्रांला जन्मठेप होईल हे ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तरी?"

त्यांनी डोणीखालचा रुमाल सरळ केला. "खोटं नाही सांगत. मनात आलं, क्रेस्तियांना सवय आहे."

हे बोलल्यावर त्यांनी पदरासारखी शाल तोंडावर ओढली. पुष्कळ माणसांना मी रडताना पाहिलंय. दारूने, दुःखाने, वाटणीवरून. पण स्वतःचंच वाक्य ऐकून असं कोसळताना कुणाला पाहिलं नव्हतं.

जज्जसाहेब खाली बघत म्हणाले, "शिपाई शुक्रवारी, सणाला येतील. त्यांच्या आधी चर्च भरेल. तक्रार मी रद्द करू शकतो, डोणी हरवलेली नाही असं ठरलं तर. पण ते कुणी ठरवायचं ते मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तो निकाल होईल. तुम्ही सांगितलंत तर ते दुसरं काहीतरी होईल."

७

मार्टिन संताच्या दिवशी अख्खं बिलास्क चर्चमध्ये होतं. काही जण माफी मागायला आलेले, बहुतेक जण बेड्या पाहायला. बर्त्रां दोन माणसांमध्ये पुढे उभा. मार्गलिद बाजूच्या बाकावर, रडून डोळे सुजलेले, पोरांना कुशीत धरून.

फादर काही बोलायच्या आत थोरल्या बाई उठल्या. टोपली हातात होती. मेअरसाहेब मदतीला पुढे झाले, त्यांना त्यांनी दूर केलं. डोणी वेदीपुढे ठेवली आणि वळून सगळं सांगितलं. जे आम्हा दोघांना तुटक सांगितलं होतं, ते सगळ्यांना सलग सांगितलं. धनगर लामाझूचंसुद्धा. फक्त ते शेवटचं वाक्य सोडून. मग तेही सांगितलं.

मेअरसाहेब स्वतःच्या जोड्यांकडे पाहत राहिले, जणू ते कुणाचे हे आता विचारावं लागणार होतं.

आणि मग गावाने काय केलं? सांगते. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. पुढची रांग एक पाऊल मागे सरली. फार नाही, एकच. मला वाटलं, बघा हे लोक. मग खाली पाहिलं तर माझेही पाय मागच्या फरशीवर होते.

मार्गलिद मात्र उभी राहिली होती. चेहरा लख्ख उजळलेला. "ऐकलंत?" ती ओरडली. "ऐकलंत सगळ्यांनी? आम्ही नाही! आम्ही कधीच नव्हतो! धनगर आहोत आम्ही, लामाझू! माझी पोरं क्रेस्तिया नाहीत!" ती नवऱ्याकडे धावली. वाटेत थोरल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्याजवळून जाताना मार्गलिदने घागरा मुठीत धरला आणि बाईंना लागू नये म्हणून बाजूला ओढून घेतला.

बर्त्रांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं. पन्नास वर्षांचं ओझं उतरल्याचं हसू, त्याला आवरताच येत नव्हतं. त्याने बायकोला जवळ घेतलं. मग त्याची नजर त्या घागऱ्यावर गेली, त्या घट्ट मिटलेल्या मुठीवर. तिथून बाईंवर गेली. एवढ्या भरलेल्या चर्चमध्ये त्यांच्याभोवती एका खाटेएवढी जागा रिकामी होती.

हसू गेलं. तो कानांपर्यंत लाल झाला.

जज्जसाहेबांनी टाक काढला. फिर्यादीचा कागद फादरांच्या वाचण्याच्या मेजावर पसरला. "चला, आटपू या. डोणी हरवलेली नाही, सबब चोरी नाही. सुटका झालेल्या इसमाचं नाव लिहायचंय. आता जे नाव सांगशील ते मी पुढे पाठवेन. राजधानीत अर्ज करून बदलून घेता येतं, साक्षीदार तर समोरच आहेत. सांग. नाव?"

"लामाझू," मार्गलिद पुटपुटली. "सांगा ना. अहो, सांगा ना."

बर्त्रांने तिच्या मुठीतून घागरा सोडवला, हळूच, एकेक बोट उलगडत. मग तो त्या रिकाम्या जागेत गेला आणि थोरल्या बाईंच्या शेजारी उभा राहिला. त्यांच्याकडे पाहिलं नाही. बोललाही नाही त्यांच्याशी. एवढ्यात ते होणार नव्हतं.

"नाव?" जज्जसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"क्रेस्तिया," बर्त्रां म्हणाला.